दुसरी नोकरी धरली? दोन्हीकडची कमाई एकाच पॅनवर मोजली जाते. टॅक्सचा हिशेब असा लावा

नांदेड/लातूर : एका पगारीवर भागत नाही म्हणून दुसरं काम धरणारे आपल्या दोन्ही जिल्ह्यांत गावोगाव आहेत. उदगीर, अहमदपूर, मुखेड, देगलूर भागात तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर शिकवणारे प्राध्यापक दोन-दोन कॉलेजांत तास घेतात. लातूरच्या ट्यूशन एरियात सकाळी एका क्लासला आणि संध्याकाळी दुसऱ्या क्लासला शिकवणारे आहेत. कोणी नोकरी सांभाळून विम्याची एजन्सी चालवतो, कोणी दूध घालतो. कोणी पुण्याची नोकरी सोडून वर्षाच्या मध्येच गावाकडं येऊन नवीन ठिकाणी लागतो.

अशा लोकांत दोन गैरसमज हमखास दिसतात. पहिला, दुसऱ्या पगारीवर सरकार जास्त टॅक्स घेतं. दुसरा, दोन्ही ठिकाणी टॅक्स कापला नाही म्हणजे टॅक्स लागतच नाही. दोन्ही चूक. दुसऱ्या गैरसमजापायी जुलै महिन्यात एकदम मोठी रक्कम भरायची वेळ येते. आणि ज्यांचं उत्पन्न कमी आहे त्यांचा कापलेला पैसा मागितलाच नाही म्हणून सरकारकडं पडून राहतो.

मूळ नियम एकच

आयकर नोकरीवर नसतो, माणसावर असतो. 1 एप्रिल ते 31 मार्च या वर्षात एका पॅनवर जेवढी कमाई झाली, तेवढी सगळी एकत्र करायची आणि तिच्यावर टॅक्स काढायचा. दुसऱ्या नोकरीसाठी वेगळा दर नाही आणि वेगळी सूटही नाही.

आर्थिक वर्ष 2025-26 साठी नवीन कर पद्धतीचे दर असे :

- 4 लाखांपर्यंत : काही नाही
- 4 ते 8 लाख : 5 टक्के
- 8 ते 12 लाख : 10 टक्के
- 12 ते 16 लाख : 15 टक्के
- 16 ते 20 लाख : 20 टक्के
- 20 ते 24 लाख : 25 टक्के
- 24 लाखांच्या वर : 30 टक्के

जो टॅक्स निघेल त्यावर 4 टक्के सेस लागतो. पगारदाराला 75 हजारांची स्टँडर्ड डिडक्शन मिळते. ती वजा करून उत्पन्न 12 लाखांच्या आत असेल तर कलम 87ए खाली 60 हजारांपर्यंतचा टॅक्स माफ होतो. म्हणून नुसता पगार असणाऱ्याला पावणेतेरा लाखांपर्यंत टॅक्स नाही असं म्हणतात. उत्पन्न 12 लाखांच्या थोडंसंच वर गेलं तरी घाबरायचं कारण नाही. 12 लाख 10 हजार झाले तर वरच्या 10 हजारांपेक्षा जास्त टॅक्स घेत नाहीत, त्यावर फक्त सेस लागतो.

75 हजारांची सूट आणि 12 लाखांची माफी माणसाला एकदाच मिळते, नोकऱ्या कितीही असोत. हिशेब इथंच फसतो.

दोन्ही मालकांनी सूट दिली तर काय होतं?

समजा, एका शिक्षकाला मुख्य नोकरीत वर्षाला 9 लाख पगार आहे आणि दुसऱ्या संस्थेत 6 लाख.

- पहिली संस्था बघते : 9 लाख वजा 75 हजार, राहिले 8 लाख 25 हजार. 12 लाखांच्या आत. टॅक्स शून्य.
- दुसरी संस्था बघते : 6 लाख वजा 75 हजार, राहिले 5 लाख 25 हजार. टॅक्स शून्य.
- खरा हिशेब : 15 लाख वजा एकदाच 75 हजार, राहिले 14 लाख 25 हजार. टॅक्स 93 हजार 750 आणि सेस 3 हजार 750. एकूण 97 हजार 500 रुपये.

दोन्ही ठिकाणी एक रुपया कापला गेला नाही आणि वर्षाअखेर 97 हजार 500 देणं निघालं. ते थेट जुलैमध्ये भरलं तर व्याजही लागतं, कारण टीडीएस वजा जाऊन 10 हजार किंवा जास्त टॅक्स निघत असेल तर तो वर्षभरात हप्त्यानं आगाऊ भरायचा नियम आहे. वरच्या उदाहरणात हे व्याज जवळजवळ पावणेनऊ हजार रुपये होतं.

यात संस्थेची चूक नसते. दुसरीकडं काय मिळतं ते तिला माहीत नसतं, म्हणून ती आपल्यापुरता हिशेब लावते. सांगायची जबाबदारी कामगाराची.

जुनी कर पद्धत घेणाऱ्यांचंही असंच होतं. एलआयसी, पीपीएफ, मुलांची फी यांची दीड लाखांची वजावट दोन्ही संस्थांत दाखवली तर दोन्ही ठिकाणी टॅक्स कमी कापला जातो. रिटर्नमध्ये मात्र ती एकदाच धरतात.

उपाय : एका मालकाला दुसऱ्याचं सांगा

कायद्यात याची सोय आहे. एकाच वेळी दोन नोकऱ्या असोत की वर्षाच्या मध्ये एक सोडून दुसरी धरलेली असो, कामगार आपल्या मर्जीनं एक मालक निवडू शकतो. दुसरीकडचा पगार आणि तिथं कापलेला टीडीएस त्याला लेखी कळवायचा. 1961 च्या कायद्यात या कागदाला फॉर्म 12बी म्हणतात. मग तो मालक दोन्ही पगार एकत्र धरून दर महिन्याला थोडा थोडा टॅक्स कापतो. जुलैमध्ये एकदम बोजा पडत नाही.

बँकेचं व्याज, क्लासची फी, कमिशन अशी पगाराबाहेरची कमाईही मालकाला कळवून त्यावरचा टॅक्स पगारातून कापून घेता येतो.

मालकाला सांगायचं नसेल तर आगाऊ कर स्वतः भरावा. तारखा अशा :

- 15 जून : अंदाजे टॅक्सच्या 15 टक्के
- 15 सप्टेंबर : एकूण 45 टक्के
- 15 डिसेंबर : एकूण 75 टक्के
- 15 मार्च : पूर्ण 100 टक्के

चलन आयकर विभागाच्या ई-फाइलिंग पोर्टलवर निघतं आणि मोबाइलवरूनही भरता येतं. भरताना वर्ष नीट निवडावं. वर्ष चुकलं की भरलेले पैसे दुसऱ्याच वर्षाच्या खात्यात दिसतात.

पगार की फी? आधी हे ओळखा

दुसऱ्या कामाचे पैसे प्रत्येक ठिकाणी पगार म्हणूनच मिळतात असं नाही. ओळखायची सोपी खूण आहे. संस्थेनं फॉर्म 16 दिला तर तिनं पैसे पगार म्हणून दाखवलेत. फॉर्म 16ए दिला तर फी, कमिशन किंवा ठेका म्हणून दाखवलेत.

पगार असेल तर स्टँडर्ड डिडक्शन मिळते. फी असेल तर ती मिळत नाही, पण कामासाठी केलेला खरा खर्च वजा करता येतो. त्याच्या पावत्या ठेवाव्या लागतात.

पगार सोडून बाकीच्या पैशांवर टॅक्स ठरलेल्या दरानं कापला जातो. 2025-26 चे नेहमीचे दर :

- शिकवण्याची किंवा व्यावसायिक फी : एका संस्थेकडून वर्षाला 50 हजारांच्या वर गेली की 10 टक्के
- कमिशन : वर्षाला 20 हजारांच्या वर 2 टक्के. विमा एजंटाच्या कमिशनलाही हाच दर
- ठेक्याचं काम : एका बिलाला 30 हजारांच्या किंवा वर्षाला 1 लाखाच्या वर गेल्यास एकट्या माणसासाठी 1 टक्का
- पॅन दिला नाही तर : 20 टक्के. पॅन आधारशी जोडलेला नसेल तरी जास्त दरानं कापतात, आणि परतावाही अडकतो

तुमचा पैसा मागून घ्या

आपल्याकडं जास्त लोकांना लागू पडणारी गोष्ट ही आहे. सीएचबीवरचे किंवा क्लासवरचे बरेच जण अशा उत्पन्नात असतात की त्यांना टॅक्स लागतच नाही. पण 10 टक्के कापलेले असतात.

उदाहरण घ्या. एका ठिकाणी वर्षाला 3 लाख पगार, दुसऱ्या ठिकाणी 2 लाख 40 हजार फी. फीमधून 24 हजार कापले. हिशेब : 3 लाख वजा 75 हजार म्हणजे 2 लाख 25 हजार. त्यात 2 लाख 40 हजार मिळवले, झाले 4 लाख 65 हजार. 4 लाखांच्या वरच्या 65 हजारांवर 5 टक्क्यांनी 3 हजार 250 टॅक्स निघतो, तो 87ए खाली माफ होतो. देणं शून्य. म्हणजे 24 हजार पूर्ण परत मिळायला पाहिजेत.

पण रिटर्न भरला तरच मिळतात. सरकार आपणहून पाठवत नाही. त्यातही एकूण उत्पन्न 4 लाखांच्या वर असेल तर टॅक्स शून्य निघाला तरी रिटर्न भरणं बंधनकारक आहे. वर्षभरात 25 हजार किंवा जास्त टीडीएस कापला असेल तरीही बंधनकारक आहे, मग उत्पन्न कितीही कमी असो.

उशीर झाला तर 31 डिसेंबरपर्यंत दंड भरून रिटर्न देता येतो. उत्पन्न 5 लाखांपर्यंत असेल तर दंड 1 हजार, त्यावर 5 हजार. त्यानंतर सुधारित म्हणजे अपडेटेड रिटर्नचा मार्ग राहतो, पण त्यातून परतावा मागता येत नाही. म्हणून परतावा असणाऱ्यानं डिसेंबर जाऊ देऊ नये.

नोकरीसोबत शेती असेल तर

शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, हे खरं. पण ते दाखवायचंच नाही, हे खरं नाही. शेतीचं निव्वळ उत्पन्न 5 हजारांच्या वर आणि बाकीचं उत्पन्न 4 लाखांच्या वर असेल तर शेतीचं उत्पन्न फक्त दर ठरवण्यासाठी धरतात.

पद्धत अशी. पगार आणि शेती एकत्र करून टॅक्स काढायचा. मग शेती अधिक 4 लाख एवढ्या रकमेवर टॅक्स काढायचा. पहिल्यातून दुसरा वजा करायचा.

एका नोकरदाराचं स्टँडर्ड डिडक्शननंतर उत्पन्न 11 लाख आहे आणि सोयाबीन, तूर, ऊस मिळून खर्च जाता 3 लाख राहतात असं धरू. 14 लाखांवर टॅक्स 90 हजार. 3 अधिक 4 म्हणजे 7 लाखांवर 15 हजार. फरक 75 हजार. पगाराचं उत्पन्न 12 लाखांच्या आत आहे म्हणून 60 हजार माफ. उरले 15 हजार, सेससह 15 हजार 600 रुपये. पगार 12 लाखांच्या आत असूनही टॅक्स लागला.

हेच उत्पन्न 8 लाख आणि शेती 3 लाख असेल तर फरक 35 हजार निघतो आणि तो पूर्ण माफ होतो. म्हणजे चिंता मोठ्या पगाराला आणि मोठ्या शेतीला आहे, सगळ्यांना नाही.

काय शेतीत धरतात आणि काय नाही :

- सोयाबीन, तूर, हरभरा, ऊस, केळी : शेती उत्पन्न
- हळद शिजवून, वाळवून विकली : शेती उत्पन्न, कारण त्याशिवाय बाजारात घेत नाहीत
- रोपवाटिकेतली रोपं : शेती उत्पन्न
- शेतीसाठी ठोक्यानं दिलेल्या जमिनीचे पैसे : शेती उत्पन्न
- दूध, कोंबडी, शेळीपालन : शेती नाही, धंदा
- ट्रॅक्टर किंवा मळणी यंत्र भाड्यानं देणं : धंदा

दुधासारख्या छोट्या धंद्याला वह्या ठेवायची कटकट नको असेल तर कलम 44एडी आहे. बँकेतून आलेल्या विक्रीवर 6 टक्के आणि रोखीच्या विक्रीवर 8 टक्के नफा धरून रिटर्न भरता येतो. वर्षाला 6 लाखांचं दूध बँकेमार्फत विकलं तर नफा 36 हजार धरायचा. खरा नफा जास्त असेल तर तो दाखवावा. कमिशनच्या कामाला आणि एजन्सीला ही सोय नाही. विमा एजंटांनी हे लक्षात ठेवावं.

कोणता रिटर्न भरायचा?

दोन्हीकडं नुसता पगार असेल आणि शेती उत्पन्न 5 हजारांच्या आत असेल तर साधा आयटीआर-1 चालतो. शेती उत्पन्न 5 हजारांच्या वर गेलं तर आयटीआर-2. फी, कमिशन किंवा धंदा आला की आयटीआर-3 किंवा आयटीआर-4.

नुसता पगार असणाऱ्याला दर वर्षी जुनी किंवा नवीन पद्धत निवडता येते. धंद्याचं उत्पन्न असेल तर जुनी पद्धत घेण्यासाठी फॉर्म 10-आयईए मुदतीत भरावा लागतो आणि पुन्हा पुन्हा बदल करता येत नाही.

लपवलं तर कळतं का?

कळतं. पॅनवर कापलेला टीडीएस फॉर्म 26एएसमध्ये दिसतो. पगार, व्याज, कमिशन, मोठे व्यवहार वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये दिसतात. रिटर्न भरण्याआधी ही दोन्ही कागदं पोर्टलवरून काढावीत आणि दोन्हीकडच्या फॉर्म 16 शी ताडून बघावीत. संस्थेनं टॅक्स कापला पण तुमच्या पॅनवर जमा दाखवला नाही, असं निघालं तर पगारपत्रक घेऊन लगेच संस्थेच्या कार्यालयात विचारावं.

दुसरी सावधगिरी एजंटांची. 'मोठा रिफंड काढून देतो, त्यात माझा हिस्सा' असं सांगून खोट्या देणग्या, खोटं घरभाडं दाखवणारे फिरतात. आयकर विभागानं 14 जुलै 2025 रोजी देशभरात 150 ठिकाणी अशा प्रकरणांत कारवाई केल्याचं जाहीर केलं, त्यात महाराष्ट्रही होता. रिटर्न एजंटानं भरला तरी उत्तर पॅनधारकालाच द्यावं लागतं.

पीटी दोनदा कापला जातो का?

राज्याचा व्यवसाय कर, म्हणजे पीटी, महिन्याला 10 हजारांच्या वर पगार असेल तर 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300, असा वर्षाला 2 हजार 500 कापतात. महिलांना महिन्याला 25 हजारांपर्यंत माफ आहे. राज्यघटनेनुसार एका माणसाकडून वर्षाला 2 हजार 500 पेक्षा जास्त घेता येत नाही. दोन्हीकडं कापत असतील तर स्वतः नावनोंदणी करून पीटी भरतो असं प्रमाणपत्र मालकांना देण्याची सोय कायद्यात आहे.

टॅक्स भरला म्हणजे परवानगी मिळाली असं नाही

हा मुद्दा वेगळा पण महत्त्वाचा. राज्य सरकारी कर्मचाऱ्याला महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम 1979 प्रमाणे सरकारच्या आधी घेतलेल्या मंजुरीशिवाय खासगी धंदा किंवा दुसरी नोकरी करता येत नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 28 मध्ये शिक्षकांना खासगी शिकवणीची मनाई आहे. खासगी कंपनीत नेमणूकपत्रात काय लिहिलंय ते वाचावं. दुसऱ्या कामाला परवानगी आहे का, हे आयकर विभाग विचारत नाही, पण तिथली कमाई कागदावर येते. म्हणून आधी परवानगी, मग काम.

नवीन कायद्यानं काय बदललं?

1 एप्रिल 2026 पासून आयकर कायदा 2025 लागू झाला आहे. आर्थिक वर्ष आणि मूल्यांकन वर्ष असा घोळ जाऊन एकच 'कर वर्ष' आलं. कलमांचे क्रमांक बदलले. पण 31 मार्च 2026 पर्यंतच्या कमाईचा रिटर्न 1961 च्या जुन्या कायद्यानंच भरायचा आहे. पुढच्या वर्षांसाठी क्रमांक पाठ करण्यापेक्षा कागदाचं काम लक्षात ठेवावं. 'दुसऱ्या मालकाकडचा पगार कळवायचा फॉर्म द्या' एवढं सांगितलं की कार्यालयाला समजतं.

थोडक्यात, कधी काय करायचं

- दुसरं काम धरताना : दोन्हीकडं एकच पॅन द्या, पॅन-आधार जोडणी तपासा, पैसे पगार म्हणून की फी म्हणून मिळणार ते विचारा
- पहिल्या पगारानंतर : एका मालकाला दुसरीकडचा पगार लेखी कळवा
- नोकरी सोडताना : आतापर्यंतचा पगार आणि टीडीएसचं पत्रक मागून घ्या
- 15 मार्चच्या आत : एकूण कमाई मांडा, कमी पडणारा टॅक्स भरा
- 15 जूनपर्यंत : दोन्हीकडून फॉर्म 16 घ्या
- 31 जुलैपर्यंत : पगारदारांनी रिटर्न भरा. फी किंवा धंदा असणाऱ्यांनी आपली तारीख पोर्टलवर बघा
- रिटर्ननंतर : 30 दिवसांत आधार ओटीपीनं ई-व्हेरिफाय करा, नाहीतर रिटर्न भरला असं धरत नाहीत

वही घ्या, वर्षभरात कुठून किती आले आणि कुठं किती कापले ते एका पानावर लिहा. बेरीज 12 लाखांच्या वर जात असेल तर आजच मालकाला सांगा. आत असेल आणि टीडीएस कापलेला असेल तर तो पैसा तुमचा आहे, रिटर्न भरून मागून घ्या.